साच्यातून सुटणारी बाहुली

1938 साली इटलीतल्या पाँपेई शहराच्या उत्खननात एक भारतीय बाई सापडली. हस्तिदंताची, वीतभर उंचीची, अंगभर दागिने आणि दोन बाजूंना दोन छोट्या दासी. व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडलं गेलं ते इ.स. 79 मध्ये, म्हणजे बाई त्याआधीच समुद्रापार पोचलेली होती. पुढे 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी एस. बी. देव आणि आर. एस. गुप्ते यांच्या देखरेखीखाली जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खनन केलं, तेव्हा तिच्याशी थेट नातं सांगणारी हस्तिदंती आकृती तिथे मिळाली. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या यादीत या गावची माणसं आहेत. हसनाबाद हे गाव याच भोकरदन तालुक्यात येतं, त्यामुळे तिथल्या घरात रेझिनची बाहुली ओतण्याचा विषय इथून सुरू केला तर फार लांबून आणला असं कोणी म्हणू नये.

पण हस्तिदंत कोरावा लागतो. एक बाई कोरली की ती एकच होते. दुसरी हवी तर पुन्हा तेवढीच मेहनत आणि पुन्हा तेवढाच महागडा दात. मराठवाडा आणि आसपासच्या कुंभारांनी त्याच सुमारास दुसरी वाट धरलेली होती. तेर, पैठण, नेवासे इथे सापडलेल्या सातवाहनकाळातल्या भाजक्या मातीच्या कित्येक आकृती जोडसाच्यात केलेल्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात. काही लाल मातीच्या, काही केओलिन नावाच्या पांढऱ्या, बारीक मातीच्या. आतून पोकळ, भिंती पातळ, आणि तरी केशभूषा, कर्णफुलं, गळ्यातले सर वेगवेगळे ओळखता येतील इतक्या रेखीव. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. ही जोडसाच्याची रीत रोमशी चाललेल्या व्यापारातून इकडे आली असावी, असं काही अभ्यासक मानतात. कुठूनही आलेली असो, आज घरी रेझिनची बाहुली ओतू पाहणाऱ्यासमोर जे जे प्रश्न येतात त्यांतले बरेचसे या कुंभारांनी सोडवलेले होते. एक रेझिन तेवढं त्यांच्याकडे नव्हतं.

त्यांची कृती अशी. आधी एक मूळ आकृती हाताने घडवायची. ती वाळली की तिच्या पुढच्या अंगावर ओली माती दाबून ठसा घ्यायचा, मग मागच्या अंगावर. हे दोन्ही ठसे वाळवून भाजले की साचा तयार. आता या साच्यात मऊ मातीचा पातळ थर दाबायचा. भाजलेली माती सच्छिद्र असते, ती ओल्या मातीतलं पाणी शोषून घेते. पाणी गेलं की आतली माती किंचित आकसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. तेल नको, साबण नको. दोन्ही अर्धुकं पातळ चिखलाने जोडायची, शिवण बोटाने पुसायची आणि कुठेतरी एक भोक ठेवायचं, नाहीतर भट्टीत आतली वाफ आकृती फोडते. यात एक खोट आहे. माती वाळताना आणि भाजताना मिळून शेकडा पाच-दहाने लहान होते. त्यामुळे तयार आकृतीवरून पुन्हा साचा काढला तर पुढची पिढी आणखी बुटकी निघते. ग्रीक मृण्मूर्तींचे अभ्यासक या आकसण्यावरून कोणती प्रत आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवतात.

खरी काटकसर मात्र मातीच्या दरात नव्हती, आकृतीच्या रचनेत होती. भाजक्या मातीचा साचा वाकत नाही. मूर्तीचा हात कमरेवर ठेवून कोपर बाहेर काढला, तर त्या पोकळीत शिरलेला साचा पुन्हा बाहेर येणार नाही, एक तर साचा मोडेल नाहीतर हात. म्हणून या बायांचे हात बहुतेक अंगालगत, पाय जुळलेले आणि दागिने अंगावर उठावात. डोक्यापासून पायापर्यंत बाजूबाजूने एक रेघ ओढावी आणि त्या रेघेपुढचं सगळं पुढे, मागचं सगळं मागे निघून यावं. रेझिनच्या बाहुलीसाठी स्वस्त सामान शोधणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो दुकानात, भाव काय म्हणून. तो प्रश्न आधी बाहुलीला विचारायला हवा: तू साच्यात कुठे कुठे अडकतेस? जी अडकत नाही तिला प्लॅस्टरचा साचा पुरतो. जी अडकते तिला रबर लागतं. प्लॅस्टरचा किलो थोडक्या रुपयांत येतो, साच्याच्या सिलिकॉन रबरचा किलो कैक शेकड्यांत. एवढा फरक केवळ एका कोपराच्या वळणाने पडतो.

प्लॅस्टर ऑफ पॅरिस, म्हणजे आपलं पीओपी, हसनाबादसारख्या गावातही हार्डवेअरच्या दुकानात किंवा छताचं काम करणाऱ्यांकडे मिळतं. जिप्सम नावाचा दगड दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्याच्यात बांधलेल्या पाण्यातलं तीन-चतुर्थांश उडून जातं आणि ही भुकटी उरते. तिच्यात पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते, गरम होते आणि पुन्हा दगड बनते. बनताना किंचित फुगते, म्हणून बारीक रेघांमध्येही नीट शिरते. कालवायची पद्धत उलटी लक्षात ठेवावी. पाण्यात प्लॅस्टर भुरभुरायचं, प्लॅस्टरमध्ये पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. शंभर ग्रॅम प्लॅस्टरला साठ-सत्तर ग्रॅम पाणी पुरतं. चिमूटभर मिठाने ते लवकर आवळतं, लिंबाच्या रसाने उशिरा. एक सूचना पोरांच्या हौशीपायी द्यावीच लागते. हाताचा ठसा घ्यायचा म्हणून पीओपीच्या घमेल्यात हात रोवून बसू नये. मोठ्या गोळ्याचं तापमान साठ अंशांवर जाऊ शकतं, आणि तोवर तो आवळलेला असल्याने हात निघत नाही. बोटं गमावण्याइतके भाजल्याची उदाहरणं आहेत.

प्लॅस्टरचा साचा करताना मूळ बाहुली अर्धी शाडूच्या गादीत रुतवायची, बरोबर त्या मघाच्या रेघेपर्यंत. गादीत दोन-तीन खड्डे करायचे, म्हणजे पहिल्या अर्ध्याला तिथे उंचवटे आणि दुसऱ्याला खोबण्या येऊन दोन्ही भाग हलणार नाहीत. भोवती पुठ्ठ्याची किंवा लाकडाची चौकट, बाहुलीवर साबणाच्या पाण्याचा हात, आणि वर प्लॅस्टर. पहिला अर्धा भाग घट्ट झाला की शाडू काढायचा, उघड्या प्लॅस्टरला पुन्हा साबण लावायचा, मग दुसरा अर्धा ओतायचा. साबण विसरला तर दोन अर्ध्यांचा एकच दगड होतो.

हाच साचा नीट वाळला की भाजक्या मातीसारखाच पाणी ओढतो. त्यात माती दाबा, नाहीतर कागदाचा लगदा. लगद्याचं काम आपल्याकडच्या जुन्या बायकांना शिकवायला नको. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथ्या वाटून घालून त्या टोपल्या करत असत. मेथीने लगदा चिकटतो आणि कीडही लांब राहते. तोच लगदा थोडा डिंक आणि खडूची भुकटी घालून साच्यात दाबला की हलकी, न फुटणारी बाहुली मिळते. मातीबाबत मात्र आपल्या शेतातल्या काळ्या मातीच्या मोहात पडू नये. ती पाण्याने जितकी फुगते तितकीच वाळताना भेगाळते. कुंभार गाळाची माती घेतो आणि तिच्यात राख किंवा लीद मिसळतो, ते याच कारणासाठी. पोळ्याचे मातीचे बैल विकत आणणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

आता अडकणाऱ्या बाहुलीकडे वळू. सोंड, चार हात, परशू, उंदीर अशी सगळी अडचण एकाच मूर्तीत असलेला देव म्हणजे गणपती. पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांत तो मोठ्या संख्येने निघतो तो रबरी साच्यांच्या जोरावर. रबराच्या झाडाचा चीक, त्यात तो गोठू नये म्हणून घातलेला अमोनिया, हे द्रवरूप लॅटेक्स. मूळ मूर्तीवर ब्रशने त्याचा एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. असे कितीतरी थर, मधल्या थरांत ताकदीसाठी जाळीचं कापड. एवढं करून साचा लवलवीतच राहतो, म्हणून त्याच्याबाहेर प्लॅस्टरचं कडक कवच करावं लागतं, नाहीतर ओतताना देवाचं पोट एका बाजूला झुकतं. लॅटेक्स सिलिकॉनपेक्षा बरंच स्वस्त, ताणलं तरी फाटत नाही, पायमोज्यासारखं उलटं सोलून काढता येतं. त्याचे दोष तीन. थरांमागून थर देण्यात वेळ जातो, आणि ते वाळताना आकसतं. शिवाय उन्हाने आणि तेलाने ते चिकट होऊन सडतं, म्हणून तेलाचा हात इथे चालत नाही.

सिलिकॉन रबर हे रेझिन ओतणाऱ्यांचं लाडकं. दाट दुधासारखं रबर आणि एक छोटी बाटली हार्डनरची. हार्डनर साधारण शंभर ग्रॅमला दोन ते पाच ग्रॅम, नेमकं डब्यावर लिहिलेलं असतं. मोजायला सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा हवा, चमच्याच्या अंदाजाने काम बिघडतं. आपल्याकडे सहज मिळतं ते कथिल-संयुगाने घट्ट होणारं, आणि तेच घ्यावं. प्लॅटिनमवालं महाग असतं आणि लहरीही. गंधक असलेल्या मॉडेलिंग क्लेवर किंवा लॅटेक्सच्या हातमोज्यांच्या संगतीत ते घट्टच होत नाही, चिकट राहतं. सिलिकॉन बहुतेक कशाला चिकटत नाही, पण सिलिकॉनला मात्र चिकटतं. म्हणून दुसरा अर्धा ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात द्यायलाच हवा. बुडबुडे टाळायचे तर आधी ब्रशने चेहऱ्यावर एक थर, मग उंचावरून बारीक धारेने उरलेलं.

एवढे पैसे नसले तर काचवाल्याकडची, खिडक्यांच्या फटी बुजवायची सिलिकॉन सीलंटची नळी आणि घरातलं कॉर्नफ्लोअर घ्यावं. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे जाड थर आतून दिवसचे दिवस ओला राहतो. कॉर्नफ्लोअरच्या कणांत थोडा ओलावा असतोच. तो आतपर्यंत पोचतो आणि सगळा गोळा तासाभरात रबर होतो. साधारण सारख्या मापाने दोन्ही मळायचे, कणकेसारखा गोळा झाला की मूळ बाहुलीवर दाबायचा. बाहुलीवर आधी व्हॅसलिन. व्हिनेगरचा वास मारणारं सीलंटच या कामाला घ्यावं, बिनवासाचं तितकंसं चालत नाही. तो वास आम्लाचा असतो, तेव्हा दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि महालक्ष्म्यांच्या पितळी मुखवट्यावर हा प्रयोग करू नये. पितळ काळवंडतं. सासूबाईंना उत्तर द्यावं लागेल ते वेगळंच. ओतीव सिलिकॉनइतकी बारीक रेघ यात उतरत नाही, पण बोटभर हात-पाय, डोकी, टोप्या यांना ते उत्तम.

चायना ग्रास म्हणून जे किराणा दुकानात मिळतं ते अगार आणि दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला वापरतात ते अल्जिनेट, हे दोन्ही स्वस्त आणि झटपट, पण पाण्याने भरलेले. दिवसाभरात वाळून वेडेवाकडे होतात आणि रेझिनचं व पाण्याचं जमत नाही. त्यांच्यात प्लॅस्टर ओतून घ्यावं आणि तिथेच थांबावं.

आता रेझिन. बाजारात दोन प्रकार सहज मिळतात, जालन्यात नाही मिळाले तर छत्रपती संभाजीनगरला फायबरचं काम करणाऱ्यांच्या दुकानांत नक्की. पहिलं पॉलिएस्टर, ज्याला दुकानदार जीपी रेझिन म्हणतो. त्याच्याबरोबर दोन बाटल्या येतात, जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. हे रेझिन स्वस्त आहे, पण स्टायरिनचा उग्र दर्प येतो, घट्ट होताना ते पाच-सात टक्के आकसतं आणि सिलिकॉनचा साचाही लवकर खातं. घरात, स्वयंपाकघराशेजारी ते ओतणं मला मान्य नाही. अंगणात ठीक.

दुसरं इपॉक्सी. महाग, पण फारसं आकसत नाही आणि वासही कमी. वास कमी म्हणून निरुपद्रवी मात्र नव्हे. कातडीला वारंवार लागत राहिलं की एखाद्याला त्याची कायमची अ‍ॅलर्जी होते आणि मग थेंब लागला तरी हात सुजतो. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, घासताना तोंडावर मास्क असावा. ज्या वयात मूल सगळं तोंडात घालतं त्या वयाच्या मुलाला घरी ओतलेली रेझिनची बाहुली देऊ नये.

रेझिनचा खर्च कमी करायची जुनी युक्ती म्हणजे भर घालणं. मार्बल पावडर, संगजिरं, नाहीतर सरळ पांढरी रांगोळी. रांगोळी ही शेवटी दगडाचीच भुकटी. ती बारीक चाळून, कडक उन्हात वाळवून रेझिनच्या वजनाइतकीही घालता येते. पैसे वाचतात, आकसणं घटतं, उष्णता कमी होते आणि बाहुलीला हातात वजन येतं. पारदर्शकपणा जातो, पण बाहुलीचा चेहरा कुठे पारदर्शक हवा असतो? भर घालायची ती रेझिनमध्ये, हार्डनर मिसळण्याआधी.

मराठवाड्याच्या हवेचा हिशेब डब्यावरच्या सूचनांत नसतो. त्या बहुधा पंचवीस अंशांसाठी लिहिलेल्या असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे डब्यावर चाळीस मिनिटं हातात असतील तर मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांच्या दुपारी दहा-पंधराच उरतात. त्यातून मोठा गोळा भांड्यात तसाच ठेवला तर तो आपल्याच उष्णतेने धुमसतो, प्लॅस्टिकचा पेला वितळतो. उन्हाळ्यात पहाटे आणि थोडं थोडं कालवावं. पावसाळ्यात उलट दुखणं. प्लॅस्टरचे साचे आठवडाभर वाळत नाहीत, आणि ओल्या साच्यात रेझिन ओतलं तर पृष्ठभाग पांढुरका, चिकट होतो. प्लॅस्टरच्या साच्यात रेझिन ओतायचंच असेल तर तो पूर्ण वाळवून, वार्निशचे दोन हात देऊन, वर मेण घासावं लागतं. कडक साच्यात कडक रेझिन म्हणजे सुटण्याची शक्यता कमीच, तेव्हा उथळ मुखवट्याखेरीज हा उद्योग करू नये. कडक साच्यात मऊ माल, मऊ साच्यात कडक माल, हे धरून चाललं की बहुतेक नुकसान टळतं. रबरी साच्यात व्हाइट सिमेंट आणि मार्बल पावडरही ओतता येते, आणि कित्येक बाहुल्यांना तेवढं पुरतं.

मग रेझिनच कधी हवं? बोटं काडीसारखी बारीक असतील, अंगठीएवढा दागिना ओतायचा असेल किंवा बाहुलीला सांधे हवे असतील तेव्हा. सांध्यांची रेझिनची बाहुली हा प्रकार जगभर लोकप्रिय केला जपानच्या व्होल्क्स कंपनीने, 1999 पासून. त्या बाहुल्या पॉलियुरेथेनच्या असतात. ते काही मिनिटांत घट्ट होतं, पण हवेतल्या ओलाव्याने फसफसतं, आणि घरी वापरायला त्याची वाफ बरी नाही. इपॉक्सीत हे काम सावकाश होतं, पण होतं. खांदा, कोपर, गुडघा इथे एका भागाला गोळा आणि दुसऱ्याला वाटी. प्रत्येक अवयवाच्या साच्यात ओतण्याआधीच तेल लावलेली काडी रोवून भोक ठेवायचं आणि शेवटी शिंप्याच्या दुकानातल्या गोल इलॅस्टिकने सगळे अवयव ताणून ओवायचे. इथे ती जुनी रेघ पुन्हा कामाला येते. अख्खी बाहुली साच्यात अडकते, पण सुटा दंड, सुटी मांडी, सुटा तळहात अडकत नाही. अवयव वेगळे केले की महाग रबराचे छोटे छोटे साचे पुरतात आणि एखादा हात बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतता येतो.

घट्ट झालेलं रेझिन वितळवून पुन्हा वापरता येत नाही, उरलेलं फेकूनच द्यावं लागतं. म्हणून ओतण्याआधी साच्यात तांदूळ भरून ते मापाच्या पेल्यात मोजावेत, तेवढंच कालवावं. साचा मात्र तांदळाचा एकही कण न ठेवता झटकून घ्यावा. फाटलेले सिलिकॉनचे साचे टाकू नयेत. त्यांचे वाटाण्याएवढे तुकडे करून ठेवावेत. पुढचा साचा ओतताना बाहुलीवर ताज्या रबराचा बोटभर थर बसला की उरलेल्या जागेत हे तुकडे दाबायचे आणि वरून थोडं नवं रबर सोडायचं. सिलिकॉन सिलिकॉनला चिकटतं, त्यामुळे तुकडे पक्के बसतात आणि नवं रबर पुष्कळ कमी लागतं.